नर्मदा आली का?

आमच्या इंदुरात नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. सकाळी जिन्यातून शेजारच्या काकूंचा आवाज येतो, "नर्मदा आली का हो तुमच्याकडे?" खालून कोणीतरी ओरडतं, "आली, पण धार बारीक आहे." पुण्याच्या पाहुण्यांना याची गंमत वाटते. त्यांच्या नळाला खडकवासल्याचं पाणी असतं, पण "खडकवासला आला का" असं तिथे कोणी कोणाला विचारत नाही. आमच्याकडे बोअरिंगचं ते नुसतं पाणी आणि नर्मदेचं ती नर्मदा. दोन वेगळ्या तोट्या, दोन वेगळे हंडे.

हे सगळं आठवायचं कारण बिअर आहे.

झालं असं की पुतण्या पुण्याहून आला आणि नेहमीप्रमाणे टोमणा मारून गेला, "काका, पोहे-जिलबीच्या पुढे तुमचं इंदूर सरकतच नाही." मी चिडून म्हटलं, अरे, आमच्याकडे आता चार-पाच ठिकाणी दुकानातच बिअर करतात. करतात हे खरं, पण मी स्वतः एकाही ठिकाणी गेलो नव्हतो. बोलून तर बसलो होतो. मग कॉलेजपासूनचे दोन मित्र गोळा केले, एक राजेंद्रनगरचा, एक तिलकनगरचा, आणि हिवाळाभर दर दुसऱ्या शनिवारी एक जागा असा बेत ठरला. पन्नाशी उलटलेली तीन मराठी माणसं, गाडी चालवायला नको म्हणून टॅक्सी करून, विजयनगरला किंवा बायपासच्या बाजूला रात्री आठ वाजता उतरतात, हे दृश्य पोरांना भारीच करमणुकीचं वाटत असणार. दारातल्या माणसाने एकदा आमची वयं न विचारता नुसतं हसून आत सोडलं. आपल्या राज्यात एकवीसच्या आत प्यायला बंदी आहे. आमच्या तिघांच्या वयांची बेरीज त्याने मनात केली असावी.

ब्रूपब म्हणजे जिथे बिअर तयार होते तिथेच बसून ती प्यायची. काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या आणि काचेच्या अलीकडे आपण. टाकीपासून ग्लासापर्यंतचा प्रवास तीस-चाळीस फुटांचा. बाटलीतली बिअर टिकावी म्हणून तापवलेली, गाळलेली असते आणि महिनोन्महिने गोदामातून फिरत येते. आमच्या तरुणपणी बिअर म्हणजे तीच, त्यातही 'स्ट्राँग'. कॉलेजात असताना भोपाळकडची 'हंटर' हा आमचा परमावधी होता आणि चवीबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. बिअर थंड असावी आणि चढावी, एवढ्याच दोन अपेक्षा.

या धंद्याचं आपल्याकडचं मूळ शोधायला गेलं तर पुण्यातही निघतं, हे पुतण्याला सांगायचं मी टाळलं. २००९ मध्ये तिथे 'डूलॅली' सुरू झालं. हे नाव मला फार आवडतं. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांना जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत दिवसेंदिवस पडून राहावं लागे. ऊन आणि रिकामपण यांनी डोकी फिरत. अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला साधा ताप. देवळालीचा ताप! नळातून बिअर ओतणाऱ्या जागेला याहून चपखल नाव कुठून आणणार? आणि ते बिचाऱ्या एका मराठी गावाला इंग्रजांच्या तोंडी बोबडं करून मिळालेलं.

पहिल्या जागेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाणी इतकी मोठ्याने की मेन्यूवर बोट ठेवूनच मागवावं लागलं. दुसऱ्या जागी मात्र सहा छोटे ग्लास खाचा पाडलेल्या लाकडी फळीवरून आले. फिकट पिवळ्यापासून पार काळ्यापर्यंत, ओळीने. राजेंद्रनगरवाला म्हणाला, "चैत्रगौरीचं तबक दिसून राहिलंय." त्यातला दुसरा ग्लास नाकाजवळ नेला आणि मी थबकलो. हा वास ओळखीचा होता, पण बिअरचा नव्हता. पुन्हा हुंगला. केळं आणि मागून जरासं लवंगेचं काहीतरी. ही गव्हाची बिअर, जर्मनीतली हेफेवाइत्सेन. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. हे दोन्ही वास त्यातलं यीस्ट तयार करतं. यीस्टच्या त्या जातीचा स्वभावच तसा. आपल्याकडच्या ब्रूपबमध्ये सगळ्यात जास्त खपणारी बिअर हीच आणि मला त्याचं नवल वाटत नाही. कडू फारशी नसते, गढूळ असते म्हणून भरीव वाटते, आणि वास आपल्या स्वयंपाकघरातला.

कडू हवी असेल तर आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. ही आणताना वेटरने एक गोष्ट ऐकवली, ती तुम्हीही ऐकली असेल. बोटीवर बिअर नासत होती, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्तानसाठी मुद्दाम जास्त हॉप्स, म्हणजे कडूपणा आणणारी वेलीवरची फुलं, घालून ही बिअर शोधून काढली. गोष्ट सुबक आहे, म्हणूनच संशय येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनजवळ बो इथे हॉजसन नावाच्या माणसाची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिच्या जवळच नांगर टाकत, आणि जहाजांच्या कप्तानांना तो उधारीवर माल देई. जास्त हॉप्सची, मुरवत ठेवायची बिअर इंग्लंडात आधीपासूनच होती. चार-पाच महिन्यांच्या समुद्रप्रवासात ती आयतीच मुरली. शोध कसला, उधारी आणि शेजार! शिवाय ही फिकट बिअर साहेबलोकांची. साध्या शिपायांसाठी येई ती बरीचशी काळी पोर्टर. १८१८ मध्ये मंदसौरच्या तहाने होळकरांचे पंख छाटले गेले आणि इंदुरापासून सात-आठ कोसांवर महूची छावणी उभी राहिली, तेव्हा तिथल्या गोऱ्यांच्या पिंपातही बहुधा तीच असेल. तिलकनगरवाल्याने आयपीएचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "पाडव्याला कडुनिंबाची चटणी खातो ना, तसं. पहिला घोट धर्म म्हणून घ्यायचा." दुसरा ग्लास मात्र त्याने धर्माशिवाय मागवला.

एका ठिकाणी लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, घेतली तर तिला चक्क लोण्याचा वास. पॉपकॉर्नवरच्या त्या पिवळ्या लोण्यासारखा. हा दोष घाईचा असतो. यीस्ट काम करताना हा वास मधेच तयार करतं आणि आणखी काही दिवस टाकीत राहू दिलं तर स्वतःच तो परत गिळूनही टाकतं. शनिवारच्या गर्दीसाठी टाकी लवकर उपसली की वास आपल्या ग्लासात. वेटरला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, वही तो इसकी खासियत है." जागेचं नाव सांगत नाही. बिल मात्र पूर्ण घेतलं.

सगळ्यात छान वेळ गेला तो पाचव्या जागी, आणि तोही दुपारी बारा वाजता, एक थेंब न पिता. तिथला ब्रुअर देपालपूरकडचा मुलगा. सूक्ष्मजीवशास्त्र शिकला, पुण्यात आणि गुडगावला हात बसवून परत आला. बोलतो माळवी वळणाची हिंदी, मराठी समजते. आम्ही फार प्रश्न विचारतो म्हणून त्याने सांगितलं, मंगळवारी या, त्या दिवशी शिजवतो.

गेलो. जवाचं माल्ट भरडून पासष्ट अंशांच्या पाण्यात कालवलेलं होतं. झाकण उघडल्यावर वाफेबरोबर आला तो वास म्हणजे तुपाआधीची लापशी. मी त्याला विचारलं, माल्ट म्हणजे नेमकं काय? तो समजावू लागला, जव भिजवायचे, मोड आणायचे, मोड वाढायच्या आत वाळवून भाजायचे. मला हसू फुटलं. अरे, हे तर नाचणीचं सत्त्व! आई धाकट्या भावासाठी करायची. नाचणी भिजवून फडक्यात बांधून खुंटीला टांगलेली असायची, मोड आले की सावलीत वाळवायची. "का बरं मोड आणतात?" विचारलं तर म्हणायची, "पचायला हलकं होतं." बरोबरच आहे. मोड येताना दाण्यात जी विकरं जागी होतात ती पिठाची साखर करतात. बाळाला ती पचते, यीस्टलाही पचते.

मग त्याने एक खेळ दाखवला. पांढऱ्या बशीत त्या कालवणाचे चार थेंब टाकले आणि वर आयोडीन. निळंकाळं झालं. "अभी स्टार्च है, रुकना पडेगा." वीस मिनिटांनी पुन्हा केलं तेव्हा आयोडीन आपल्याच तांबूस रंगात राहिलं. आठवीत बटाट्याच्या फोडीवर केलेला प्रयोग एवढ्या मोठ्या भांड्यावर बघताना आम्ही तिघंही जवळ सरकलो होतो. त्यानंतर गोड पाणी निथळून घ्यायचं, तासभर उकळायचं, त्यात हॉप्स घालायचे (त्या फुलांच्या दाबून केलेल्या, गुरांच्या खाद्यासारख्या हिरव्या गोळ्या असतात, बोटांत चुरडल्या तर लिंबाच्या पानाचा आणि ओल्या गवताचा वास येतो), मग झटकन थंड करून टाकीत सोडायचं आणि यीस्ट घालायचं. हे यीस्ट दर वेळी नवं आणत नाहीत. आधीच्या टाकीच्या तळाशी बसलेलं काढून पुढच्या टाकीला घालतात, आठ-दहा वेळा चालतं. म्हणजे विरजण! घरात कोणी विरजण संपवून टाकलं की आई जशी संतापायची, तसाच हा मुलगा सांगताना गंभीर झाला, "यीस्ट बिगड गया, तो सब बिगड गया."

भांड्यात उरलेला चोथा फावड्याने पिंपात भरला जात होता. तो कुठे जातो? सांवेर रोडकडच्या एका म्हशीवाल्याकडे. फेकत काहीच नाहीत.

आता मी माझा प्रश्न काढला. तुमच्या मेन्यूवर ठळक लिहिलंय, 'लोकल'. यात इथलं काय? तो प्रामाणिक निघाला. माल्ट बरंचसं बाहेरचं. हॉप्स जर्मनी-अमेरिकेचे, आपल्याकडे ते हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात वगैरे थोडे पिकले आहेत, पण ते याच्यापर्यंत येत नाहीत. यीस्टचं पाकीट परदेशी. धने? बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल पडते. "धने सियागंज से." म्हणजे किराण्याच्या ठोक बाजारातून. आणि सियागंजात चांगला धना येतो तो गुन्याकडच्या कुंभराजचा. संत्री? इथली आगर-माळव्याची. मी म्हटलं, मग हे लिहा ना मेन्यूवर! बेल्जियमचं नाव लिहिता आणि कुंभराजचं गाळता? त्याने मान डोलावली, पण लिहील असं वाटत नाही. कुंभराज म्हटल्यावर ग्लासाला तेवढे पैसे कोण देणार?

खरं इथलं मद्य म्हणायचं तर मोहाचं. अलीराजपूर-झाबुआकडे भिल्लांच्या घराघरात ते पिढ्यानपिढ्या निघतं. चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, तो वेचायचा, वाळवायचा. आता सरकारने त्याला 'हेरिटेज' म्हणून मान्यता दिली आहे आणि अलीराजपूरचं 'मोंड' नावाचं मद्य बाटलीतून विकलं जातं. आजवर जे करताना पोलीस दारात येत, त्याला आता लेबल चिकटलं. असो, तो स्वतंत्र विषय आहे.

"और पानी?" तिलकनगरवाल्याने विचारलं.

"पानी तो नर्मदा का ही है."

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. चेक देशातल्या प्लझेनचं पाणी हलकं, म्हणून तिथे १८४२ मध्ये ती सोनेरी पिल्सनर जमली. इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम, म्हणून तिथली फिकट कडू बिअर खुलली. आमच्याकडचं बोअरिंगचं पाणी काळ्या पाषाणातलं, जड. त्यात साबणाला फेस येत नाही तिथे बिअरला काय येणार! म्हणून हा नर्मदेचं पाणी घेतो, आरओतून काढून जवळजवळ कोरं करतो आणि मग हवे ते क्षार मोजून घालतो. एका दिवशी प्लझेन, दुसऱ्या दिवशी बर्टन. मला जरा वाईट वाटलं. एकुलती एक इथली गोष्ट, तीही धुऊनपुसून घेतलेली.

पण ती इथवर येते कशी ते पाहा. नर्मदा इंदुराजवळून वाहत नाही. यशवंतसागर आणि बिलावली हे तलाव पुरेनात तेव्हा १९७० मध्ये सगळं शहर रस्त्यावर उतरलं, नर्मदा आणा म्हणून. माझे वडील त्या मोर्च्यांत होते आणि आयुष्यात त्यांनी केलेलं तेवढंच आंदोलन. १९७८ मध्ये पाणी आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसायचं, विंध्याचा घाट चढवून वांचू पॉइंटपर्यंत रेटायचं, तिथून पुढे ते उतारावर आपोआप शहराकडे येतं. सत्तर किलोमीटर. नदी सहसा डोंगरावरून खाली येते. आमची नदी पंपाने वर येते आणि तिच्या विजेच्या बिलाने महापालिकेला घाम फुटतो.

आणि आता गंमत अशी. २०१७ मध्ये सरकारने ठरवलं, नर्मदेच्या काठापासून पाच किलोमीटरच्या आत दारूचं दुकान नको. २०२५ च्या जानेवारीत अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी वर्षात मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरला भरली आणि तिथे सतरा तीर्थक्षेत्रांत दारूबंदीचा निर्णय झाला, एक एप्रिलपासून लागू. त्यात महेश्वर आहे, मंडलेश्वर आहे, ओंकारेश्वर आहे. उज्जैनही आहे, तिथे कालभैरवाला बशीतून मद्याचा नैवेद्य दाखवतात, त्याचं मात्र चालू आहे, देवाला कोण अडवणार? तर काठावर थेंब मिळत नाही, आणि तेच पाणी घाट चढून आलं की विजयनगरात त्याला फेस येतो. यात मला कुणाची चूक दाखवायची नाही. पाण्याला पाच किलोमीटर मोजता येत नाहीत, एवढंच.

हे सगळं मी हसत सांगत होतो, पण मनातून आत्याची धास्ती होती. आत्या वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, रामबागेत राहते. दहा वर्षांपूर्वी तिने नर्मदेची परिक्रमा केली, बसने का होईना, पण नेम सगळे पाळून. तिच्या देव्हाऱ्यात नर्मदाजलाची कुपी आहे. नळाला पाणी आलं की अजूनही पहिल्या ओंजळीला "नर्मदे हर" म्हणते.

फेब्रुवारीत पुतण्या परत आला, नोकरीतल्या बढतीचं जेवण द्यायला. टेबल त्यानेच राखलं, जागा त्यानेच निवडली, आणि सगळे गाडीत बसल्यावर मला कळलं की आपण नेमके त्या देपालपूरवाल्याच्या ब्रूपबमध्ये चाललोय. आत्यासकट. मी पुतण्याकडे डोळे वटारले. तो म्हणाला, "काका, जेवण चांगलं आहे हो."

दुपार होती, गाणी बेताची होती. आत्याने टाक्यांकडे पाहून विचारलं, "दुधाचा प्लांट आहे का रे?" कोणी काही बोललं नाही. तिने साबुदाण्याचे वडे नाहीत म्हणून पनीर घेतलं. सोबत ठेवलेली लौंगी शेव तिला पसंत पडली. पुतण्याचा ग्लास आला, गढूळ पिवळा, वर पांढरा फेस. आत्याने मान वळवली.

"शिकरण कुणी मागवलंय?"

टेबलावर शांतता. पुतण्याचा ग्लास ओठांपाशी थांबलेला. शेवटी माझ्या बायकोनेच सांगून टाकलं, की आत्या, ती बिअर आहे, गव्हाची, आणि केळं त्यात नाहीच, नुसता वास. आत्या रागावली नाही. ग्लासाकडे पाहत राहिली. तेवढ्यात तो ब्रुअर आम्हाला पाहून टेबलाशी आला, वाकून तिला नमस्कार केला. तिने त्यालाच धरलं. काय घालतोस, किती दिवस ठेवतोस, आंबवणासाठी काय? तो विरजणाचं सांगायला लागला तशी ती सरसावून बसली. आणि मग मला ज्याची भीती होती ते विचारलंच.

"पाणी कुठलं घेतोस रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शेवेकडे पाहिलं.

"नर्मदा का, माँजी."

आत्या काही क्षण गप्प होती. मग तिने समोरचा पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले आणि म्हणाली, "मैयाने कुणाला नाही म्हटलंय आजवर? गावाची गटारंसुद्धा घेतेच की पोटात." पुतण्याने हळूच ग्लास खाली ठेवला. "पी रे," ती म्हणाली, "टाकू नको. सत्तर किलोमीटर चढून आलीये ती."

निघताना तिने त्या मुलाला विचारलं, एवढा जव शिजवता, त्याचा चोथा कुठे जातो? त्याने म्हशीवाल्याचं सांगितलं. रस्त्यावरच्या गायी महापालिकेने हलवल्यापासून आत्याची पंचाईत झाली आहे. दर एकादशीला रिक्षा करून गोशाळेत जावं लागतं. मुलाने जाड पिशवीत चार-पाच किलो चोथा बांधून दिला. गाडीत ती पिशवी माझ्या मांडीवर होती, कोमट, आणि सगळ्या गाडीला लापशीचा वास.

एकादशीला संध्याकाळी तिचा फोन आला. म्हटलं, आता काय ऐकावं लागतंय.

"अरे, गायींनी पाटी चाटूनपुसून खाल्ली. त्या पोराला विचार, मंगळवारी शिजवतो ना तो? दहा किलो ठेव म्हणावं."